वर चढणारी फुले, खाली उतरणारे फूल

पहिला दिवस : ग्वांगचौ

मार्चच्या अखेरच्या आठवड्यात हाँगकाँगहून रेल्वेने मी ग्वांगचौला पोहोचले तेव्हा पाऊस नव्हता. तरीही भाच्याच्या इमारतीचा जिना ओला होता, भिंतींवरून पाण्याचे ओघळ उतरत होते आणि दारातल्या आरशात चेहरा दिसत नव्हता. "आत्या, जपून. फरशी घसरते," असे म्हणत भाच्याने माझी पिशवी घेतली. या हवेला इथे 'हुइनानथिएन' असे स्वतंत्र नाव आहे. हिवाळ्यात गार पडलेल्या भिंतींवर दक्षिणेच्या समुद्रावरून आलेली उबदार, बाष्पाने जड झालेली हवा येऊन आदळते आणि घरातल्या घरात दव पडते. कोकणात वाढलेल्या माणसाला ओलाव्याचे नवल नाही, परंतु पावसाचा थेंबही नसताना भिंतीला घाम फुटलेला मी प्रथमच पाहिला.

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. आमच्या घरी उन्हाळ्याच्या तोंडाशी कुड्याच्या फुलांची भाजी होत असे आणि ती पोटासाठी आहे, असे सांगूनच ती पानात वाढली जात असे. चिनी वैद्यकात पचनासाठी फुलांचा वापर होतो, हे वाचून माहीत होते. ती फुले बाजारात, स्वयंपाकघरात आणि वैद्यासमोर कशी येतात ते पाहावे, एवढ्यासाठी ही फेरी आखली होती. भाचा येथे निर्यातीच्या व्यवसायात अनेक वर्षे आहे आणि त्याला चिनी भाषा उत्तम येते, त्यामुळे दुभाष्याचा प्रश्न नव्हता.

रात्री जेवताना मी सहज म्हटले की, या हवेत भूक लागत नाही, अंग जड वाटते. घरमालकीणबाई समोर बसल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "ओलावा आत शिरला आहे." पुढचे सहा दिवस ज्या कल्पनेभोवती मी फिरत राहिले, ती पहिल्याच रात्री जेवणाच्या टेबलावर अशी सहजपणे मांडली गेली.

दुसरा दिवस : काटेसावर

सकाळी डॉ. सुन यत-सेन स्मारक सभागृहाच्या आवारात गेलो. १९३१ साली पूर्ण झालेल्या या वास्तूच्या शेजारी काटेसावरीचा एक वृक्ष उभा आहे आणि त्याचे वय साडेतीनशे वर्षांहून अधिक सांगतात. काटेसावर हे ग्वांगचौचे नगरपुष्प आहे आणि येथे तिला 'वीरांचे फूल' म्हणतात. आपल्याकडे ती फाल्गुनात फुलते. येथे तिचा बहर आता ओसरत आला होता. पाच जाड, मेणचट, तांबड्या पाकळ्यांचे ते जड फूल पाकळी पाकळी करून गळत नाही, अख्खेच खाली येते. वयस्क बायका आणि पुरुष कापडी पिशव्या घेऊन झाडाखाली थांबले होते. फूल पडले की आवाज होतो, कोणीतरी वाकतो, फूल उचलून देठाकडची बाजू पाहतो आणि पिशवीत टाकतो. शहरात पुढे फिरताना कुंपणाच्या कठड्यांवर, खिडक्यांच्या गजांवर, पदपथावर पसरलेल्या वर्तमानपत्रांवरही हीच फुले वाळत घातलेली दिसली. वाहनांच्या धुरात उभ्या असलेल्या रस्त्याकडेच्या झाडांची फुले खाणे मला योग्य वाटले नाही, आणि घरमालकीणबाईही उद्यानातल्या झाडांचीच फुले वेचतात, हे कळल्यावर बरे वाटले.

त्यांना भाचा 'आयी' म्हणतो. चिनी भाषेत मावशीच्या वयाच्या बाईला अशी हाक मारतात. मला मात्र पहिले दोन दिवस प्रत्येक वेळी 'आई' असेच ऐकू येत होते. आयींनी दुपारी काटेसावरीच्या फुलांचे सार करून दाखवले. वाळलेली सात-आठ फुले, मूठभर जोंधळी मण्यांसारखे दिसणारे यीमी नावाचे धान्य, पांढरे वाल आणि तांबड्या बारीक कडधान्याचे दाणे एकत्र भिजवून मंद आचेवर दीड तास ठेवायचे. एरवी त्यात डुकराची हाडे घालतात; माझ्यासाठी ती वगळली होती. साराला रंग फिकट तपकिरी, चव जवळजवळ नाहीच, आणि मागे किंचित बुळबुळीतपणा.

चिनी औषधसंहितेत या फुलाची नोंद गोड, फिकी आणि शीतल अशी आहे. ते मोठ्या आतड्याकडे जाते, उष्णता आणि ओलावा काढते, आणि अतिसार व आव यांवर ६ ते ९ ग्रॅम वापरावे, असे सांगितले आहे. हे ऐकून मला आपला मोचरस आठवला. शाल्मलीचा, म्हणजे याच काटेसावरीचा डिंक आयुर्वेदात अतिसारावरच दिला जातो. एकाच झाडाचे दोन वेगळे भाग दोन देशांनी पोटाच्या एकाच तक्रारीसाठी निवडावेत, याचा विचार मी त्या दिवशी बराच वेळ करत होते.

तिसरा दिवस : छिंगफिंग बाजार

लीवान भागातला छिंगफिंग बाजार १९७९ साली, चीनमध्ये आर्थिक सुधारणा नुकत्याच सुरू होत असताना उघडला. आज त्याचा औषधी द्रव्यांचा विभाग पाहायचा तर अर्धा दिवस पुरत नाही. गोणीच्या गोणी फुले: सोनेरी-पांढऱ्या कळ्यांची चिन्यिनहुआ (इंग्रजीत हनीसकल), शेवंती, गुलाबाच्या कळ्या, पगोडावृक्षाची हिरवट फुले आणि पिवळसर पडलेला वाळका चाफा. देवळाच्या आवारातला तो पांढरा चाफा मी औषधाच्या गोणीत कधी पाहिला नव्हता. आपण त्याचा चीक टाळतो. येथे त्याची फुले वाळवून चहात घालतात आणि ती दमट उष्णतेमुळे होणाऱ्या जुलाबांवर व मंदावलेल्या पचनावर उपयोगी मानतात.

ग्वांगतुंग प्रांतात या फुलांचा एक ठरलेला मेळ आहे, त्याला 'पाच फुलांचा चहा' म्हणतात. चिन्यिनहुआ, शेवंती, पगोडावृक्षाची फुले, कुड्झूच्या वेलाची फुले आणि काटेसावर ही नेहमीची पाच. कोणी एखादे काढून चाफा घालतात. दुकानदारीणबाईंनी प्रत्येक फूल हातात देऊन त्याचे काम सांगितले. त्यांच्या बोलण्यात 'सुंदर' हा शब्द एकदाही आला नाही. गार की उष्ण, कडू की गोड, कोणत्या अवयवाकडे जाते, किती घालायचे, असे चार प्रश्न आणि त्यांची चार उत्तरे. शेवंतीचेच पाहा. आपल्याला हाराची शेवंती ठाऊक. चिनी औषधसंहिता औषधी शेवंतीचे गावानुसार आणि वाळवण्याच्या पद्धतीनुसार पाच प्रकार मानते. ती किंचित शीत आहे, डोळ्यांना आणि यकृताला चांगली, पण ज्याचे पोट मुळात गार आहे, ज्याला थंड पाण्यानेही जुलाब होतात, त्याने ती रोज पिऊ नये, असे बाईंनी न विचारता बजावले.

खरेदीबाबतही त्यांनी एक गोष्ट शिकवली. एका गोणीतली शेवंती शेजारच्या गोणीपेक्षा फार उजळ आणि टवटवीत होती. मी तिच्याकडे हात नेताच त्यांनी दुसऱ्या गोणीतली मळकट फुले पुढे केली आणि दोन्हींचा वास घ्यायला लावला. उजळ फुलांना आंबूस, नाकाला झोंबणारा वास होता. टिकाऊपणासाठी आणि रंगासाठी गंधकाची धुरी दिली की असे होते. ज्या वस्तूचे सारे गुण तिच्या सुगंधावर उभे आहेत, तिच्या बाबतीत रंगाला भुलणे ही किती मोठी चूक आहे, हे इतक्या थोड्या वेळात कोणी शिकवले नसते.

गोण्यांच्या रांगेत अखेरीस लवंग दिसली. लवंग ही फुलाची कळी आहे, हे आपण स्वयंपाकात विसरून जातो. चिनी वैद्यकात ती १ ते ३ ग्रॅम एवढीच देतात. ती पोट ऊबदार करते आणि उचकी, उलटी खाली उतरवते. मात्र 'एकोणीस भीती' नावाचे एक जुने पद्य औषधविक्रेत्यांना तोंडपाठ असते, आणि त्यात लवंगेची गाठ यूचिनशी घालू नये असे म्हटले आहे. यूचिन म्हणजे हळदीच्या कुळातल्या वनस्पतींची गाठाळ मुळे. त्यांत आपली हळदही आली. आपल्या मसाल्यात या दोघी शतकानुशतके एकत्र नांदत आहेत, हे मी भाच्यामार्फत सांगितले. बाईंनी मान डोलावली आणि पद्य पुन्हा म्हणून दाखवले.

चीनच्या आरोग्य मंत्रालयाने २००२ साली अन्न आणि औषध अशा दोन्ही रीतींनी वापरता येणाऱ्या द्रव्यांची एक यादी प्रसिद्ध केली. तिच्यात शेवंती, चिन्यिनहुआ, लवंग, पगोडावृक्षाची फुले, कडू संत्र्याची फुले आणि वालाची पांढरी फुले आहेत, आवळाही आहे. वालाच्या फुलांचा उल्लेख मला सर्वांत जवळचा वाटला. उन्हाळ्यातल्या दमट हवेने पोट बिघडले की ती देतात. आपल्या परसातल्या मांडवावर वाल फुलतो तेव्हा आपण शेंगांची वाट पाहतो. फुलांकडे औषध म्हणून पाहिल्याचे मला तरी आठवत नाही.

चौथा दिवस : श्वुआनफू

सकाळी उपाशीपोटी एका रस्त्यावरच्या दुकानात उभे राहून मी ल्यांगछा प्यायले. शब्दशः 'गार चहा', पण देतात गरम; गार तो गुणाने. २००६ साली चीनने आपल्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या पहिल्या यादीत त्याचा समावेश केला. मी पाच फुलांचा सौम्य चहा न घेता 'चोवीस चवींचा' म्हणून ओळखला जाणारा कडूजहर काढा घेतला, आणि तो सोसला म्हणून आणखी एक पेला घेतला. दोन तासांत पोटात कळा सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत तीन वेळा जुलाब झाले.

भाचा मला एका चिनी वैद्यकाच्या दवाखान्यात घेऊन गेला. साठीच्या वैद्यांनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, काय प्यायले ते विचारले. फुले गार असतात, हे अर्धेच खरे आहे आणि तुमच्या जठराला ते गार सोसले नाही, असे ते शांतपणे म्हणाले. दिवसभर तांदळाची पेज, आले आणि जुन्या संत्र्याची वाळलेली साल, एवढेच त्यांनी सांगितले. साल शिन्ह्वेइ भागातली असावी, असे मात्र आवर्जून सांगितले.

माझ्या कामाविषयी कळल्यावर त्यांनी पुढचा रुग्ण येईपर्यंत वेळ दिला. त्यांनी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत मांडते. चिनी वैद्यकातली प्लीहा म्हणजे शरीरशास्त्राच्या पुस्तकातला तो अवयव नव्हे. अन्नाचे सार काढून ते वर पोहोचवणारी ती एक कार्यशक्ती आहे. जठराने अन्न खाली उतरवायचे, प्लीहेने सार वर चढवायचे. ही चढउतार नीट चालली की पचन नीट चालते. प्लीहेला ओलावा सोसत नाही. ओलाव्याने ती जड झाली की भूक मरते, तोंडाला चव राहत नाही, पोट फुगते. अशा वेळी सुगंधी द्रव्ये तिला 'जागी' करतात, आणि फुलांचे पचनातले पहिले काम हेच. दुसरे काम यकृताच्या बाजूने होते. राग, काळजी, दाबून ठेवलेले दुःख यांनी यकृतातली 'ची', म्हणजे शरीरात वाहणारी जीवनशक्ती, कोंडते आणि ती जठरावर चालून येते. मग जेवण झाल्यावर बरगडीखाली दुखते, ढेकरा येतात, अन्नावरची वासना जाते. गुलाबाची कळी ही कोंडी सोडवते.

पचन हाच साऱ्या प्रकृतीचा पाया मानणारी एक मोठी परंपरा चीनमध्ये आहे. ली तुंगयुआन (११८० ते १२५१) यांनी १२४९ साली 'प्लीहा आणि जठर' याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ पूर्ण केला. युद्ध, उपासमार आणि धास्ती यांनी खंगलेली माणसे त्यांनी पाहिली होती. वैद्यांच्या टेबलावर त्या ग्रंथाची झिजलेली प्रत होती.

मग त्यांनी एक जुने वचन सांगितले: सगळी फुले वर चढतात, एकटे श्वुआनफू खाली उतरते. फूल हलके असते, झाडाच्या टोकाला असते, म्हणून त्याचा गुण शरीरात वर आणि बाहेर जाण्याचा, अशी ही विचारसरणी. पिवळ्या, सूर्यफुलाच्या कुळातल्या श्वुआनफूचा गुण मात्र उलटा: ते वर उसळलेली 'ची' खाली आणते. इसवी सन २००च्या सुमारास चांग चोंगचिंग यांनी सांगितलेल्या एका काढ्यात हेच फूल हेमॅटाइट नावाच्या लोहखनिजाबरोबर येते. त्यात जिनसेंग, आले, ज्येष्ठमध, बोरे आणि पानशिया नावाचा कंद धरून एकूण सात द्रव्ये आहेत, आणि सतत ढेकरा येऊन छातीखाली दाटल्यासारखे होत असेल तर तो देतात.

बाहेर औषधाच्या खिडकीजवळ थांबले असताना योगायोगाने हेच फूल पाहायला मिळाले. औषध बांधणाऱ्या मुलीने इतर द्रव्ये कागदावर सुटी ओतली, पण श्वुआनफूची फुले मलमलीच्या छोट्या पुरचुंडीत बांधून वेगळी ठेवली. त्या फुलाला बारीक लव असते. ती काढ्यात उतरली तर घशाला टोचते आणि खोकला, मळमळ होते. उलटी थांबवण्यासाठी द्यायचे औषध चुकीच्या रीतीने उकळले तर मळमळ वाढवते. चिनी वैद्यकाचे सिद्धांत कोणी मानो अथवा न मानो, ती पुरचुंडी बांधणाऱ्या हातातली काळजी कोणत्याही शास्त्राला शोभेल अशी होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. पगोडावृक्षाची फुले या वैद्यकात मूळव्याध आणि शौचातून पडणारे रक्त यांवर दिली जातात. शौचातून रक्त पडत असेल तर ते कशामुळे, याची तपासणी आधी झाली पाहिजे. त्या वैद्यांनीही, अशा रुग्णाला मी प्रथम तपासणीसाठी पाठवतो, असेच सांगितले.

पाचवा दिवस : रेल्वेत

पोट शांत झाले होते. ग्वांगचौहून नान्निंगमार्गे कुनमिंगला जाणारी हायस्पीड रेल्वे सुमारे १,३०० किलोमीटर धावते. ग्वांगशीतले चुनखडीचे सुळके आणि बोगदे मागे टाकत संध्याकाळी गाडी युन्नानच्या पठारावर चढली. कुनमिंग समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच कोरडी, हलकी हवा लागली आणि आठवड्यात प्रथमच मला कडकडून भूक लागली.

सहावा दिवस : कुनमिंगची भाजीमंडई

ग्वांगचौला फुले औषधाच्या गोणीत होती. येथे ती भाजीच्या पाटीत आहेत. च्वानशिन मंडईत एका ओळीत मी किती जातींची फुले मोजली ते वहीत लिहिले आहे, पण त्यांतल्या तीनच गोष्टी सांगते.

पहिली, पिवळी चिंच्वेहुआ. वाटाण्याच्या फुलासारखी ठेवण, किंचित गोडसर चव. अंड्यात घालून परततात. ती प्लीहेला बळ देते, असे मानतात आणि लहान मुलांना आवर्जून खाऊ घालतात. विकणाऱ्या आजींनी माझ्या तळहातावर चार फुले ठेवली, ती मी कच्चीच खाल्ली.

दुसरी, कांचनाची पांढरी फुले. युन्नानच्या दक्षिण भागात ती उकळून, पिळून, पाण्यात ठेवून मग आंबवलेल्या सोयाबीनबरोबर परततात. आपला कांचन तो हाच, हे पाहून मी तिथेच थबकले. दुपारी ती भाजी खाल्ली. तुरट-कडू चव पाण्यात बरीचशी निघून गेली होती आणि उरलेली जिभेला बरी वाटत होती.

तिसरी, पांढऱ्या ऱ्होडोडेंड्रॉनची फुले, आणि येथे मात्र सावधपणा हवा. युन्नानमधल्या तालीकडच्या 'बाय' नावाच्या समाजात ही फुले ब्रॉड बीन या कडधान्याबरोबर शिजवतात. ऱ्होडोडेंड्रॉनच्या अनेक जातींत विष असते. म्हणून फक्त पांढरीच घ्यायची, पुंकेसर आणि स्त्रीकेसर काढून टाकायचे, उकळायचे आणि दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवायचे. विकणाऱ्या बाईकडे पाण्याने भरलेल्या बादल्या होत्या. फुले त्यांतूनच निथळून देत होत्या. अळकुड्या किंवा सुरण खाजरा असतो म्हणून आपण चिंच घालतो, त्याच जातीचे हे ज्ञान आहे: झाड ओळखणे अर्धे, आणि हाताची रीत अर्धी. या रीतीवाचून फुले आणून शिजवणाऱ्यांनी विषबाधा ओढवून घ्यावी, हे मला फार चिंतेचे वाटते; फुले निरुपद्रवीच असतात, हा समज आपल्याकडेही पसरतो आहे.

सातवा दिवस : गुलाब

कुनमिंगमध्ये कोणत्याही रस्त्यावर गरम भट्टीतून काढलेली गुलाबाची पोळी मिळते. पापुद्र्यांची खुसखुशीत वाटी आणि आत साखरेत मळलेल्या गुलाबपाकळ्या. पहिल्या घासाला माझ्या तोंडून 'गुलकंद' असा शब्द निघाला. जवळच्या आनिंगमधील पाचिए गावचे खाण्याचे गुलाब यासाठी प्रसिद्ध आहेत.

दोन्ही पदार्थ इतके सारखे असून दोन वैद्यकांचे त्याविषयीचे मत अगदी विरुद्ध आहे, आणि या प्रवासात मला सर्वांत अधिक विचार करायला लावले ते यानेच. आपण गुलकंद उन्हाळ्यात खातो, कारण तो शीत, पित्त शमवणारा. चिनी वैद्यकाचा गुलाब उष्ण आहे: गोड, किंचित कडू, यकृत आणि प्लीहा यांकडे जाणारा, ३ ते ६ ग्रॅम मात्रेचा, भूक मेली असता आणि मळमळ होत असता द्यायचा. वसंताच्या अखेरीस कळी उमलायच्या बेतात असतानाच ती खुडतात आणि मंद उष्णतेवर वाळवतात, कारण सुगंध उडाला की गुण उडाला. जातीही वेगळ्या आहेत. तिकडची रोझा रुगोसा, आपल्या गुलकंदाची बहुधा रोझा डॅमासेना. वाळलेली कळी गरम पाण्यात आणि ताजी पाकळी खडीसाखरेत महिनाभर उन्हात, हा फरकही लहान नव्हे. तरीही, यांतले एक मत चूक आणि दुसरे बरोबर ठरवण्याची घाई मी करणार नाही. पोळीविषयी मात्र माझे मत पक्के आहे: इतकी साखर आणि स्निग्धता असलेला पदार्थ हा खाऊ आहे, औषध नव्हे, आणि अति गोडाने ओलावा साठतो, हे तर चिनी वैद्यच सांगतात.

रात्री तौनान फुलबाजारात गेले. कापलेल्या फुलांचा हा आशियातला सर्वांत मोठा बाजार मानला जातो आणि तो रात्री भरात येतो. डोंगरासारखे रचलेले गुलाब पाहून एका पर्यटक मुलीने पाकळी तोडून तोंडाला लावली, तोच विक्रेत्याने ओरडून तिला थांबवले. फुलदाणीसाठी वाढवलेल्या गुलाबांवर फवारणी झालेली असते. खाण्याचे गुलाब वेगळ्या शेतात, वेगळ्या रीतीने होतात.

बाजाराबाहेर पडताना भाच्याचा फोन आला.

"आत्या, इकडे उत्तरेचा वारा सुटलाय. भिंती सुकल्या. आयींची फुलं पण वाळली चांगली. तुझ्यासाठी पिशवी भरून ठेवतो म्हणतात, किती ठेवू?"

"विमानातून नाही आणता येणार रे, बियाणं-वनस्पतींना अडवतात. त्यांनाच ठेवू दे."

पलीकडे चिनी भाषेत काही बोलणे झाले, आयींचा आवाज ऐकू आला, आणि मग भाचा म्हणाला, "त्या विचारतायत, तुमच्याकडे सावरीची झाडं आहेत ना? मग तुम्ही फुलं का नाही वेचत?"

"सांग त्यांना," मी म्हटले, "फाल्गुनात वेचीन. किती दिवस वाळवायची तेवढं विचारून ठेव."